सामानाजवळ राहिलेले लोक

वाचन : १ शमुवेल ३०:१–२५. (हा भाग वर्गात आधी मोठ्याने वाचावा, मग पुढील पाठ घ्यावा.)

बेलापूर येथे प्रवरेच्या काठी पावसाळा सरल्यावर आम्ही काही दिवस सायंकाळचे वर्ग चालविले. शमुवेलाची दोन्ही पुस्तके अभ्यासास घेतली होती. पाचव्या दिवशी आम्ही म्हणालो की, ज्यास जे विचारावयाचे असेल त्याने ते मोकळ्या मनाने विचारावे. आमची अपेक्षा अशी होती की, दाविदाच्या पापाविषयी अथवा त्याच्या पश्चात्तापाविषयी कोणी विचारील. परंतु प्रश्न आले ते निराळेच. दाविदाचे लोक लढाईत खात तरी काय? पावसात लढाई होत असे काय? एवढाल्या तोफा कोण ओढी? लढाई चालू असता गावचे लोक कोठे जात?

पहिल्याने आम्हांस वाटले की, ही नुसती जिज्ञासा आहे; तिने आत्म्याचे काय हित होणार? पण शेवटी सातवीतला एक मुलगा उठला व म्हणाला, "पाळकसाहेब, इतिहासाच्या पुस्तकात राजे आहेत, सरदार आहेत. तेव्हा आमचे पणजे, खापरपणजे कोठे होते? शाळेत एकजण म्हणाला, तुमचे कोणी नव्हतेच." हे ऐकून वर्गातील वडील माणसांनी माना खाली घातल्या. आम्हांजवळही त्या रात्री तयार उत्तर नव्हते. "उद्या सांगू," असे म्हणून आम्ही प्रार्थना केली व वर्ग सोडला. दुसऱ्या दिवशी जे सांगितले ते इतर मंडळ्यांतील उपदेशकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडीत आहो.

प्रश्न १. राजे लढाईस केव्हा निघत?

२ शमुवेल ११:१ यात सांगितले आहे की, राजे ज्या समयी मोहिमेवर जातात तो समय आला, तरी दावीद यरुशलेमेतच राहिला. मोहिमेस असा ठरलेला समय कशास हवा? ह्याचे कारण पाऊस होय. यहूद्यांच्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून तेथील राजे वसंत ऋतूत, वाटा सुकल्यावर व शेतात पीक उभे झाल्यावर निघत. आपल्या देशात पाऊस ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पडतो. गोदावरी व प्रवरा दुथडी भरून वाहतात आणि काळ्या रानात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. त्या दिवसांत सैन्य छावणी करून राही, व दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडे. तेव्हा नद्यांस उतार झालेला असे, घोड्यांस गवत मुबलक असे, आणि खरिपाचे पीक हाताशी येत असे.

पण येथेच एक कठीण गोष्ट लक्षात येते. राजाच्या मोहिमेचा मुहूर्त आणि शेतकऱ्याच्या सुगीचा मुहूर्त एकच! ज्या पिकासाठी कुळंब्याने चार महिने घाम गाळिला, त्याच्याच भरवशावर सैन्य निघे. ही गोष्ट पुढील सर्व उत्तरांत ध्यानी ठेवावी.

प्रश्न २. शिपाई काय खात?

दाविदास त्याच्या बापाने भावांकडे धाडिले तेव्हा त्याच्याबरोबर काय दिले, हे १ शमुवेल १७:१७, १८ यात आहे. भाजलेले धान्य व भाकरी भावांसाठी, आणि त्यांच्या सरदारासाठी दुधाचा खरवसासारखा घट्ट पदार्थ. म्हणजे शिपायाचा शिधा बहुधा त्याच्या घरूनच येत असे. भाजलेले धान्य का? तर ते लवकर नासत नाही, त्यास चूल लागत नाही, व मूठभर खाऊन वर पाणी प्याले की पोटास आधार होतो. आपल्याकडेही प्रवासास निघणारा मनुष्य लाह्या, फुटाणे अथवा सातूचे पीठ पदरी बांधून घेत असे.

थोरल्या बाजीराव पेशव्याविषयी अशी एक आख्यायिका आहे की, निजामाने त्याचे चित्र काढण्यास चितारी पाठविला. त्याने चित्र आणिले ते असे : पेशवा घोड्यावर बसला आहे, भाला खांद्यास टेकलेला आहे, आणि तो दोन्ही तळहातांत कणसे चोळून दाणे खात चालला आहे. ही आख्यायिका आहे. तिला इतिहास म्हणून शिकवू नये. तरी त्या काळचे स्वार कसे राहत याची कल्पना तीवरून येते. आपल्या प्रभूच्या शिष्यांनीही भूक लागली असता शेतातून जाताना कणसे हातांवर चोळून खाल्ली, असे लूक ६:१ यात आहे. भूक ही पेशव्यास व मासे धरणाऱ्या कोळ्यास सारखीच लागते.

प्रश्न ३. हजारो लोकांस धान्यपाणी कोण पुरवी?

मोठ्या सैन्यास घरचा शिधा पुरत नाही. त्याच्यामागे चालता बाजार असे. त्यात वाणी, तेली, लोहार व नालबंद असत. पखालीतून पाणी वाहणारे असत. घोड्यांसाठी गवत कापून आणणारे असत. धान्य आणण्याचे मोठे काम बंजारे करीत, ज्यांस आपल्याकडे लमाण असेही म्हणतात. ते बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांड्यांनी चालत, व बायकामुले त्यांच्याबरोबरच असत. मोगलांच्या सैन्यास त्यांनी धान्य पुरविले, मराठ्यांच्या सैन्यास पुरविले, आणि १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्ली याने अहमदनगर घेतले तेव्हा त्याच्या सैन्यासही पुरविले. तांडा न आला तर राजाची तरवार म्यानातच राही.

ह्याचा पुरावा आपल्या उंबरठ्याशी आहे. श्रीरामपूर तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका लागतो. तेथे पालखेड आहे. १७२८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बाजीरावाने निजामाच्या सैन्यास तेथे अडविले. निजामापाशी मोठा तोफखाना होता. परंतु बाजीरावाच्या चपळ स्वारांचा पाठलाग करण्यासाठी त्याने जड तोफा मागे ठेविल्या. मग पालखेडाजवळ मराठ्यांनी त्याचे धान्य तोडिले व पाणी तोडिले. मोठे रण माजले नाही. तहानेने व्याकुळ झालेले सैन्य पुढे काय करणार? ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. तोफा, हत्ती, खजिना यांहून पखालीची व गोणीची किंमत अधिक ठरली.

उलट बाजूचे उदाहरण पानिपताचे आहे. १७६० सालच्या नोव्हेंबरापासून मराठ्यांचे सैन्य तेथे अडकून पडले. लढणाऱ्यांबरोबर न लढणारांचा जमाव फार मोठा होता. त्यात यात्रेकरू होते, बायका होत्या, सेवक होते. नाना फडणीस तेव्हा तरुण होता व त्याची आई बरोबर होती. त्या धावपळीत ती गेली. अब्दालीने धान्याच्या वाटा बंद केल्या. शेवटी उपाशी शिपायांनीच म्हटले की, भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. पेशवाईचा हा घात तरवारीने पूर्ण केला, पण त्याचा आरंभ रिकाम्या गोणीने झाला होता. २ राजे ६ व ७ या अध्यायांत शोमरोनास वेढा पडला असता गाढवाचे डोकेसुद्धा किती रुप्यास विकले गेले, हे वाचून पाहावे.

प्रश्न ४. तोफा कोण ओढी आणि तट कोण बांधी?

विजापूर येथे मुलुख-मैदान नावाची प्रचंड तोफ आहे. ती १५४९ साली आपल्या अहमदनगर येथे ओतली गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, व तेथून १६३२ साली विजापुरास नेली. तेव्हा तिला चारशे बैल, दहा हत्ती व शेकडो माणसे लागली, असे परंपरेने सांगतात. ओतणाऱ्या कारागिराचे नाव तोफेवर कोरले आहे. परंतु चारशे बैल कोणाच्या गोठ्यातले होते? ते बैल हाकणारे कोण? दोर कोणी वळले? आपल्या खेड्यांत दोर वळणे हे मांग बलुतेदारांचे काम होते, आणि पखाली व मोटा चामड्याच्या असत, हे येथे सांगितले म्हणजे पुरे.

दुसरे उदाहरण चांदबिबीचे आहे. १५९५ सालच्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतील लोकांनी त्यांतील काही शोधून काढून निकामी केले; परंतु एक उडाला व तटास मोठे खिंडार पडले. चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली, आणि रात्रीत ते खिंडार बुजवून काढिले. दारूगोळा संपल्यावर तिने तांब्याची, रुप्याची व सोन्याची नाणी तोफांतून उडविली, ही आख्यायिका होय. परंतु रातोरात तट उभा राहिला, हा इतिहास आहे. १५९६ साली तह होऊन वेढा उठला. राणीच्या शौर्यास आम्ही आदराने नमन करितो. तथापि एका राणीच्या दोन हातांनी रातोरात तट उभा राहत नाही. दगड कोणी वाहिले? माती कोणी कालविली? मशाली कोणी धरिल्या?

येथे नहेम्याचे पुस्तक काढावे. यरुशलेमेचा तट बांधणारे एका हाताने काम करीत व दुसऱ्या हातात शस्त्र धरीत, असे चौथ्या अध्यायात आहे. आणि त्याच्या आधीचा तिसरा अध्याय पाहा! तो नावांनीच भरला आहे. हा सोनार, हा सुगंधी द्रव्ये करणारा, ह्याच्या मुलींनीही हातभार लाविला, त्याच्यापुढे अमक्याने आपल्या घरासमोरचा तट नीट केला. आम्ही वर्गात हा अध्याय कंटाळवाणा म्हणून टाळीत असू. आता टाळणार नाही. परमेश्वराने आपल्या शास्त्रात एक संपूर्ण अध्याय गवंडीकाम करणाऱ्यांच्या हजेरीपटास दिला आहे.

प्रश्न ५. लढाई चालू असता गावचे लोक काय करीत?

शास्ते ६ यात मिद्यानी लोकांविषयी वाचतो की, इस्राएलांनी पेरणी केली की ते टोळधाडीसारखे येत व पीक फस्त करीत. म्हणून गिदोन गहू मळीत होता तो खळ्यावर नव्हे, तर द्राक्षकुंडात लपून. आपल्या जिल्ह्यातील वृद्धांस हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्यांनी पेव पाहिले आहे. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आत कडब्याचे अस्तर लावून धान्य भरीत, व तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकीत. पेव धान्य टिकविण्यासाठी तर होतेच. पण वरून नांगर फिरविला की लुटारूस ते दिसतही नसे. गावकूस, वेस, पाटलाची गढी, ह्या सर्व भीतीच्या काळाच्या खुणा होत.

इतकेही करून गाव नेहमी वाचत नसे. १८०२ व १८०३ साली होळकराच्या फौजा व पेंढारी आपल्या भागातून गेले, पिके लुटली गेली, आणि मागाहून पाऊसही पुरा पडला नाही. १८०३–०४ चा दुष्काळ अहमदनगर प्रांतात फार भयंकर झाला. लढाया तीन सत्तांच्या, पण उपासमार कोणा सत्तेची झाली नाही. ती खेड्यांची झाली.

सर्व राजे सारखे नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १६७४ सालच्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळुणाजवळ होते. तेथील अधिकाऱ्यांस महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यातील भाव असा की, दाणावैरण बेताने वापरा. आधीच उधळाल तर पुढे मिळणार नाही, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून दाणा, भाजी, लाकूड उचलाल, आणि लोक म्हणतील की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. अनुवाद २०:१९, २० यातही परमेश्वराची आज्ञा आहे की, वेढा घालताना फळझाडे तोडू नयेत. ज्या राजास कुणब्याचे सरपण दिसते, त्याच्या राज्यात गरिबास न्यायाची आशा धरिता येते.

प्रश्न ६. आमचे पूर्वज कोठे होते?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे पूर्वज गावाची वेस राखीत, वाट दाखवीत, सरकारी पत्र व वसुलीचा पैसा घेऊन उन्हापावसात चालत, आणि सैन्य आले की वेठीस धरले जाऊन ओझी वाहत. मराठ्यांच्या गडांच्या घेऱ्यात पहारा करणारांत रामोशी, महार व मांग होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे कंपनीच्या पलटणीत जे लढले व पडले, त्यांतील वीसहून अधिकांच्या नावांच्या शेवटी "नाक" आहे. ही महारांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच लोकांस सैन्यात घेणे बंद केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली त्यांची पलटण उभारली. युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज असता बोलाविणे व गरज सरता विसरणे, ही जगाची रीत ह्यात स्पष्ट दिसते.

तर, मुला, तुझे पणजे सर्वत्र होते. पालखेडच्या वाटेवर होते, गडाच्या घेऱ्यात होते, तोफेच्या दोरास होते, गावच्या वेशीत होते. लिहिणाराने त्यांची नावे लिहिली नाहीत एवढेच.

पण हे सांगून आम्ही थांबलो असतो तर ते इतिहासाचे उत्तर झाले असते, सुवार्तेचे नव्हे. म्हणून १ शमुवेल ३० पुन्हा पाहा. अमालेक्यांनी सिकलाग जाळिले व बायकामुले धरून नेली. दावीद सहाशे लोक घेऊन निघाला. बसोर ओहोळाशी दोनशे जण इतके थकले की त्यांस पाणी ओलांडवेना. ते सामानाजवळ राहिले. पुढे रानात एक मिसरी दास सापडला. तो आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्याने त्यास तीन दिवसांपूर्वी टाकून दिले होते. दाविदाच्या लोकांनी त्यास भाकर दिली, पाणी पाजले, अंजिराच्या ढेपेचा तुकडा व मनुका दिल्या. आणि त्या टाकून दिलेल्या दासानेच शत्रूची वाट दाखविली. ज्यास एका सैन्याने ओझे म्हणून टाकिले, त्याच्याच हाताने परमेश्वराने बंदिवानांची सुटका केली!

परत आल्यावर काही दुष्ट लोक म्हणाले की, मागे राहिलेल्यांस लुटीतील काही देऊ नये. तेव्हा दाविदाने ठरविले की, जो लढाईत उतरतो त्याचा वाटा व जो सामानाजवळ राहतो त्याचा वाटा सारखाच असावा; आणि हा इस्राएलात कायमचा नियम झाला. आमच्या समजुतीप्रमाणे गल्याथाच्या पाडावापेक्षा हा निकाल मोठा आहे. धोंडा मारण्यास एक क्षणाचे धैर्य लागले. हा नियम करण्यास न्यायी अंतःकरण लागले.

दाविदाचा पुत्र म्हणविणारा आपला प्रभू तर याहून पुढे गेला. इब्री १३:१२ यात लिहिले आहे की, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. वेशीबाहेर! ज्यांच्या वाडवडिलांची घरे गावाने वेशीबाहेर ठेविली, त्यांस ह्या शब्दाचा अर्थ पंडितांनी सांगावा लागत नाही. राजांच्या राजाने आपली जागा तटाच्या आत घेतली नाही. तो तुमच्या बाजूस येऊन मरण पावला व उठला. त्याच्या जीवनाच्या पुस्तकात जी नावे आहेत, ती कोणी खोडू शकत नाही व वगळूही शकत नाही.

उपदेशकांस दोन शब्द. हा पाठ देताना कोणाविषयी द्वेष उत्पन्न होऊ देऊ नका. लढाईची बढाईही करू नका. यशया २:४ यात तरवारींचे फाळ होतील असे वचन आहे, आणि फाळाची किंमत आपल्या लोकांस तरवारीहून अधिक ठाऊक आहे. इतिहास कोणता व आख्यायिका कोणती हे नेहमी वेगळे सांगा, कारण सत्याच्या सेवकास खोट्या मोठेपणाची गरज नाही. आणि मुलांच्या प्रश्नांस फोल म्हणून झिडकारू नका. भाकरीविषयी विचारणारे मूल कित्येकदा आपल्या बापाच्या मानाविषयी विचारीत असते. ते आम्ही बेलापुरास त्या मुलापासून शिकलो.

दुसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर तो मुलगा काही बोलला नाही. परंतु मागे बसलेल्या एका वृद्ध बाईने, आपला सासरा वेसकरीची काठी कोठे ठेवीत असे ते सांगण्यास आरंभ केला, आणि त्या रात्री वर्ग फार उशिरा सुटला.

विचारासाठी व घरी करण्यासाठी

१. आपल्या गावात पेव, गावकूस, वेस अथवा गढी यांच्या खुणा कोठे आहेत? वडील माणसांस विचारून या.

२. नहेम्या ३ वाचा. सरदारांपैकी कोणी कामास मान वाकविली नाही, असे कोणत्या गावाविषयी लिहिले आहे?

३. आपल्या मंडळीत "सामानाजवळ राहणारे" कोण आहेत? मंदिर झाडणारी, दिवा लावणारा, आजाऱ्यापाशी बसणारी, यांस आपण सारखा मान देतो काय?

४. आपल्या घरातील पणजा-पणजीचे नाव व काम एका वहीत लिहून ठेवा.

मुखपाठ : १ शमुवेल ३०:२४.